बोअर घट्ट राहिला

“दादा, हातात घेऊन तरी बग,” असं म्हणत सर्जेरावांनी खोक्यातून नवा पिस्टन काढला आणि ह्यांच्या नाकासमोर धरला.

हे एका गिऱ्हाइकाच्या मोटारसायकलची चेन ताणत उकिडवे बसले होते. मान वर न करता म्हणाले, “ठिव तितं.”

“ठिव तितं काय? बेंगलोरवरनं मागवलाय. पिस्टन, सिलिंडर, रिंगा, सगळं किट हाय. आपल्या शंभर सीसीच्या गाडीत बसतंय. एकदा बसलं की मग ती शंभरची ऱ्हाईल व्हय?”

“सगळं हाय म्हंतोस, मग ब्रेक बी मोठा दिलाय का त्यात?”

सर्जेराव माझे धाकटे दीर. भावाचा नाद सोडून ते माझ्याकडे वळले. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. लग्न होऊन वर्ष झालं होतं, पण मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. माझं माहेर बार्शीकडचं, आमच्या दारात सायकल दिसली तरी ती पाहुण्याची असायची. इथं कोल्हापुरात मात्र पुढच्या खोलीत गॅरेज आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं. स्वयंपाकघरातल्या मिठालासुद्धा पेट्रोलचा वास यायचा.

“वैनी, तुमाला सांगतो,” सर्जेराव म्हणाले. “इंजनात एक गोल भोक असतंय. त्याला म्हंत्यात बोअर. त्यात पिस्टन वरखाली हुतो. बोअर मोठा केला, पिस्टन मोठा घातला, की पेट्रोल जास्त जळणार आन् गाडी जास्त पळणार. हाय काय त्यात?”

“म्हणजे तोंड मोठं केलं की घास मोठा,” मी म्हणाले.

“बग दादा! वैनीला कळलं, तुला कळंना.”

“पोट न्हाई तेवढंच,” हे म्हणाले. “मग अजीर्ण झाल्यावर कुनाच्या दारात जायाचं?” पण बोलता बोलता त्यांनी हात पुसले आणि पिस्टन उचलला. उजेडाकडे धरून फिरवला, नखानं कडा चाचपली. मी कप ठेवला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. सर्जेरावांनी मला डोळा मारला. घोडं निम्मं गंगेत न्हालं होतं.

भाऊ ऐकणार हे सर्जेरावांना ठाऊकच होतं. मामंजी हायवेवर ट्रकखाली गेले तेव्हा सर्जेराव अजून चड्डीत होते. ह्यांनी शाळा सोडून गॅरेज धरलं आणि ह्या पोराला वाढवलं. पोर मोठं झालं, फाउंड्रीत भट्टीपुढं उभं राहायला लागलं, आणि रविवारी मिळेल ती गाडी घेऊन शर्यतीत पळवायला लागलं. चांगलं पळवायचं. त्या वर्षी दसऱ्यानंतर एका क्लबानं घाटातली शर्यत ठेवली होती. एकेकानं चढ चढायचा, कोण कमी वेळात वर पोचतो ते बघायचं. पुण्याच्या एका शर्यतीच्या संघाचा माणूस ती बघायला येणार होता. त्याच्या नजरेत भरलं तर भट्टी सुटणार होती. सर्जेरावांच्या डोक्यात दिवसरात्र तेवढंच होतं.

अडचण होती ती माझ्या सासूबाईंची. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. चहाचे कप घ्यायला मी परत गेले, तोवर त्या वाती वळता वळता बाहेर आल्या होत्या.

“मी सांगतो ते दोघांनी ऐका,” त्या म्हणाल्या. कोल्हापूरच्या बायका ‘मी सांगतो’च म्हणतात, मला ते अंगवळणी पडायला बरेच दिवस लागले. “रस्त्यानं ह्या घरातला एक मानूस खाल्लाय. दुसरा मी दिनार न्हाई. ते डबडं दे परत पाठवून.”

सर्जेरावांनी पिस्टन खोक्यात टाकला. सरळ आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. संध्याकाळी जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी डबा न घेता कामावर गेले. आत्याबाई वरून तावातावानं भांडी आपटत होत्या, पण त्यांचाही घास घशाखाली उतरत नव्हता. शेवटी हेच त्यांच्यासमोर जाऊन बसले.

“आये, त्यो असा बी पळवणारच, तसा बी पळवणारच. चोरून दुसऱ्याची भंगार गाडी घिऊन जाईल. त्यापेक्षा माज्या हातच्या इंजनावर जाऊदे. इंजनाची जिम्मेदारी माजी. त्येच्या अंगाला वरखडा जरी आला, तरी मला इचार.”

“शब्द देतोस?”

“दिला.”

आत्याबाईंनी वाती खाली ठेवल्या. मग म्हणाल्या, “माजी बी एक अट हाय. उद्या खंडेनवमी. इंजान उगडं ठिव. वरनं फुलं वाहून काय उपेग? जितं त्यो पिस्टन का फिस्टन बसनार, तितं माजं हळदकुकू पडूदे. आतनं बाहेरनं पूजा झाली की मग तुमी बगा आन् तुमचा देव बगंल.”

हे हसले. “तुज्या मनासारखं हुईल,” म्हणाले.

खंडेनवमीला गॅरेजवाल्यांच्या घरी काय थाट असतो, तो मी त्या घरात आल्यावर पाहिला. सगळे पाने, हातोडे, पक्कडी रॉकेलनं धुऊन ओळीनं मांडलेले. झेंडूची माळ एअरच्या टाकीलासुद्धा. त्या दिवशी मधोमध पाट ठेवून, भोवती रांगोळी काढून, त्यावर गाडीतून उतरवलेलं इंजिन उभं केलं होतं. वरचा सिलिंडर काढलेला, त्यामुळे आ वासल्यासारखं ते उघडं दिसत होतं. ह्यांनी त्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून बसवलं.

“ह्ये कशाला?” आत्याबाई म्हणाल्या.

“फडक्याला बी पूजा लागती आये,” हे म्हणाले, आणि सर्जेराव खो खो हसले.

आत्याबाईंचा नऊ दिवसांचा उपवास होता. न्हाऊन, ओलेत्या केसांनी त्या पाटासमोर बसल्या. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, ओल्या कुंकवात भिजवलेले तांदूळ चिमटीचिमटीनं इंजिनावर टाकले, पाण्याचा थेंब दिला, आणि मग दोन्ही हात त्या गार लोखंडावर ठेवून डोळे मिटले. ओठ हलत होते. पुष्कळ वेळ त्या उठल्याच नाहीत. मला तेव्हा त्यांच्याबद्दल फार माया वाटली, खरं सांगते. एरवी माझ्या पोळ्यांवरून, माझ्या बोलण्यावरून त्या मला सोलून काढायच्या. पण त्या दिवशी त्यांनी सगळा जीव त्या इंजिनात ओतला होता.

एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्यार उचलायचं नाही, अशी रीत. गॅरेज बंद, सगळं जसंच्या तसं.

दसऱ्याला सकाळी पूजा हलवल्यावर ह्यांनी पहिलं काम केलं ते इंजिन साफ करायचं. मी ताट धरून बसले होते. चिमट्यानं एकेक तांदूळ उचलून ते ताटात टाकत होते. झेंडूच्या पाकळ्या काढल्या, कुंकू पुसलं, मग फडकं अलगद ओढून बाहेर घेतलं. बॅटरी मारून आत पाहिलं, पुन्हा पाहिलं. “मालन, तुजी नजर चांगली हाय, तू बग,” म्हणाले. मीही पाहिलं. आत काही नव्हतं.

मग नवा पिस्टन बसवताना मी पहिल्यांदा ह्यांचं काम नीट बघितलं. पिस्टन आणि बोअर यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. पिस्टन तापला की फुगतो. फट कमी ठेवली तर तो अडकतो, जास्त ठेवली तर दम राहत नाही. हे मापत होते, पुसत होते, पुन्हा मापत होते. इंजिन गाडीत चढवून सुरू केलं, तेव्हा त्याचा आवाज एकदम भरदार आला. सर्जेराव टाळ्या पिटायला लागले, पण ह्यांनी त्यांना गप्प केलं. वरच्या डोक्याचं झाकण उघडलं आणि आत टक लावून बघत बसले. थोड्या वेळानं तेलाचा थेंब चमकला.

“वर तेल पोचलं,” हे म्हणाले. “आता माज्या जिवात जीव आला.”

नवं इंजिन सुरुवातीला हळू चालवावं लागतं. शर्यतीपर्यंत सर्जेराव रोज कामावरून आले की रंकाळ्याला फेऱ्या घालायचे, तेही सायकलच्या वेगानं. ह्यांची सक्त ताकीद होती. आत्याबाईंनी एकदा दारातून ते बघितलं आणि मला म्हणाल्या, “ह्येच्यापेक्षा दूधवाला जोरात जातोय की गं! हिला म्हंत्यात शर्यत?” त्या खुशीत होत्या. घरात इतकं हसणं मी आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही फार काळ ऐकलं नाही.

शर्यतीला मी ह्यांच्याबरोबर गेले. आत्याबाई देवापुढं बसून होत्या. घाटाच्या पायथ्याला गर्दी, भोंग्यावर गाणी, चहाभज्यांच्या गाड्या. पुण्याचा तो माणूस टोपी घालून एका खुर्चीवर बसला होता. सर्जेरावांनी हेल्मेट घालायच्या आधी भावाच्या पायांना हात लावला, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, “वैनी, पुण्याला गेल्यावर पत्र मोठं लिहीन. तुमालाच वाचून दाखवाय लागंल आयेला.”

गाडी सुटली. पहिल्या वळणापर्यंत दिसली, मग नुसता आवाज. घाट असा होता की खालून आवाज ऐकूनच कळायचं गाडी कुठं आहे. हे डोळे मिटून ऐकत होते. “दुसरं वळण,” म्हणाले. “लई भारी चाललाय.” शेजारचे लोकही बोलायचे थांबले होते. “तिसरं.” मला वाटलं हे आता नाचतील.

आणि आवाज बंद पडला. कमी होत होत नाही, मध्येच तुटला. मग घासत गेल्याचा एक कर्कश आवाज आला आणि काहीच नाही.

“अडकलं,” हे म्हणाले, आणि पळत सुटले.

इंजिन भर वेगात आतून अडकलं होतं. मागचं चाक जागच्या जागी थांबलं, गाडी आडवी झाली आणि सर्जेराव कठड्यावर आदळले. उजवा पाय कठडा आणि गाडीच्या मध्ये सापडला. आम्ही पोचलो तेव्हा ते शुद्धीवर होते. भावाला बघून पहिला शब्द बोलले तो, “दादा, मी काय न्हाई केलं. आपोआप थांबली.”

दवाखान्यात ऑपरेशन झालं, पायात सळई घातली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण लंगडेल. शर्यतीचा विषय आता काढू नका. पुण्याचा माणूस कधी निघून गेला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आत्याबाई आल्या तेव्हा हे वॉर्डाच्या दारात भिंतीला टेकून उभे होते. त्या रडल्या नाहीत. त्यांच्यासमोर उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, “येशा, तू शब्द दिला हुतास.”



सर्जेराव कॉटवरून हाक मारत होते. हे जवळ गेले तसा त्यांनी हात धरला. “दादा, तू इंजान खोलून बग. तुज्या हातनं चुकायचं न्हाई, मला म्हाईत हाय. त्या किटातच खोट असनार. पर मला कळूदे. पाय गेला तो कशापायी गेला, येवढं मला कळलं पायजे. तू सांगशील ते मी मानीन.”

“सांगतो,” हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोतून आली. सकाळीच ह्यांनी इंजिन उतरवलं. मदतीला मीच होते, कारण त्यांना दुसरं कुणी नको होतं. आधी पिस्टन काढला. बोअर आरशासारखा गुळगुळीत होता. पिस्टनवर ओरखडासुद्धा नव्हता. मी म्हणाले, “म्हणजे तुमचं माप बरोबर होतं?”

त्यांनी पिस्टन बाजूला ठेवला. वरचं डोकं उघडलं. आत झडपा उघडणारा दांडा असतो, तो अडला की सगळं इंजिन अडतं; तो जळून निळा पडला होता आणि जागच्या जागी चिकटला होता. ह्यांनी बोट फिरवलं. बोट कोरडं आलं.

“वर तेलच गेलं न्हाई,” ते म्हणाले. “पयल्या दिवशी मी सोता बगितलं हुतं. थेंब आलेला.”

“मी पण बघितला होता,” मी म्हणाले.

तेल वर जायला इंजिनाच्या अंगातून एक बारीक भोक असतं, बोल्टाच्या शेजारी. काडी जेमतेम जाईल एवढं. हे ते मला दाखवत होते आणि एकीकडे त्यात तार घालत होते. तार मध्येच अडली. त्यांनी ती हलवली, फिरवली, आणि हळूहळू ओढून काढली. टोकाला काळं काहीतरी आलं. बोटांत घेऊन रॉकेलनं धुतलं, तरी ते काळंच. मग त्यांनी ते नखानं मोडलं.

आतून ते पांढरं होतं, कडेला लालसर.

“तांदूळ आहे,” मी म्हणाले.

ह्यांनी ते दोन तुकडे तळहातावर ठेवले आणि खाली बसले. तोंडात फडकं कोंबलं होतं, पण त्याच्या शेजारचं ते एवढंसं भोक उघडं राहिलं होतं. एक दाणा त्यात उतरला, आणि कुणालाच दिसला नाही. हळू चालवताना तेल कडेनं वाट काढत होतं. घाटात जोर लावला तेव्हा दाणा सरकून घट्ट बसला असणार.

मला मात्र हायसं वाटलं. तशी मी तेव्हा लहानच होते, म्हणून वाटलं असेल. मी म्हणाले, “चला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊन सांगू. तुमची काही चूक नाही. भावजींनी स्वतःच सांगितलंय, तुम्ही सांगाल ते मानतो.”

“काय सांगू?”

“हेच. जे आहे ते.”

“आन् आये तितं बसलेली असंल. तिला सांगू? नऊ दिवस उपाशी ऱ्हाऊन, न्हाऊन धुऊन, तू जो जीव लावून तांदूळ वाहिलास, त्यानंच तुज्या पोराचा पाय नेला? असं सांगू?”

“मग तिला नका सांगू. भावजींना एकट्याला सांगा.”

“त्यो तिच्यावर रागवंल. न्हाई बोलला तरी रागवंल. तिच्या लगीच ध्यानात यील. तिला कमी समजतीस का तू?” त्यांनी हात झटकला. तुकडे कुठं पडले तेही दिसलं नाही. “ती पुन्यांदा देवापुढं बसंल का? तांदळाला हात लावंल का? मरंपर्यंत सोताला खाईल ती, मालन.”

“अहो, पण मग सगळं तुमच्यावर येईल.”

“शब्द मीच दिलता.”

“शब्द दिलात म्हणून काय खोटं बोलायचं? तुमचं नाव जाईल. उद्यमनगरातले सगळे गॅरेजवाले तुमच्या हाताची शपथ घेतात. उद्या कोण इंजिन देईल तुम्हाला? आणि भावजी? ते म्हणाले, तुझ्या हातून चुकायचं नाही. त्या पोराचा तुमच्यावर देवासारखा विश्वास आहे, तो मोडाल?”

ते उठले, हात धुतले. “चल,” म्हणाले. “आन् तू तितं बोलू नको. बोललीस तर तुला माजी आन हाय.” आण घालायची त्यांची सवय नव्हती. मी इतकी चिडले होते की वाटेत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

दवाखान्यात आत्याबाई सर्जेरावांच्या उशाशी बसून त्यांच्या केसांतून हात फिरवत होत्या. हे कॉटच्या पायथ्याशी उभे राहिले. माझ्याकडे बघितलंही नाही.

“खोललं,” ते म्हणाले.

“काय निगालं दादा?” सर्जेराव कोपरावर उठायला बघत होते.

“बोअर घट्ट ऱ्हायला. फट कमी ठिवली मी. पिस्टन फुगून अडकला. चूक माजी हाय.”

सर्जेराव त्यांच्याकडे बघत राहिले. जणू अजून काहीतरी बोलतील म्हणून वाट बघत होते. “तू मापलं न्हाईस?”

“मापलं. चुकलं.”

आत्याबाई उठल्या. त्यांनी ह्यांच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या, एकदा, दोनदा, मग मारतच राहिल्या. सगळा वॉर्ड बघत होता. हे हलले नाहीत, हात आडवा केला नाही. मीच त्यांना मागून धरलं, तेव्हा त्या थांबल्या. सर्जेरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. तिकडे बघूनच ते म्हणाले, “हितनं जावा तुमी.”

ते पहिल्यांदाच भावाला ‘तुमी’ म्हणाले. ह्यांना मुठी लागल्या नसतील एवढं ते लागलं. मी बघितलं ना, लागलेलं.

संध्याकाळी मी आत्याबाईंना रिक्षानं घरी घेऊन आले. वाटभर त्या पदरानं डोळे टिपत होत्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, “एक सांगतो मालन. माजी पूजा हुती म्हनून पोर वाचलं. त्या अक्षतांनी राखलं बग त्येला. न्हाईतर ह्या येशानं त्येला मारलंच हुतं.”

मी ओठ दाताखाली धरला. ह्यांची आण होती म्हणून गप्प बसले असं मी पुढं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. पण खरं तर त्यांचा चेहरा बघूनच माझ्या तोंडून शब्द फुटला नसता.

सर्जेराव दवाखान्यातून घरी आले ते सामान न्यायला. इचलकरंजीला एका सुताच्या दुकानात त्यांनी नोकरी धरली, पुढं तिथंच लग्न केलं. आईला भेटायला यायचे, ते हे बाहेर गेल्याची खात्री करून. इकडे ह्यांच्याकडे इंजिनं येणं आटलं. ‘येशा लोहारानं सख्ख्या भावाचं इंजान बसवलं नीट न्हाई, आपलं काय बसवनार,’ असं लोक तोंडावर म्हणायचे. हे पंक्चर काढायचे, ऑइल बदलायचे. मोठं काम कुणी आणलंच तर ‘दुसरीकडं दाखवा’ म्हणायचे. आम्हा दोघांची त्यावरून इतकी भांडणं झाली की सांगायची सोय नाही. मी म्हणायचे, आईचं मन राखलंत, भावाचं मोडलंत, आणि माझं तर विचारलंही नाहीत. त्यावर ते एकदाच बोलले. म्हणाले, “तुजं मन मोडलं तरी तू मला सोडून जानार न्हाईस, येवढं मला ठावं हाय.”

बऱ्याच वर्षांनी आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. आता उठत नाहीत हे त्यांनाही कळलं होतं. एका दुपारी सर्जेराव येऊन बसले असताना त्यांनी मुद्दाम ह्यांना आत बोलावलं. सर्जेराव उठायला लागले, तर त्यांनी मनगट धरलं. दुसऱ्या हातानं ह्यांचं मनगट धरलं. हात नुसते काडीसारखे झाले होते, पण सोडवता येत नव्हते.

“सर्जा,” त्या म्हणाल्या, “मी चाललो. जाताना माज्या डोळ्याम्होरं येवढं कर. ह्यानं जानूनबुजून केलं न्हाई. दादाची चूक पदरात घे.”

मी पाण्याचं भांडं घेऊन दारात उभी होते. मला वाटलं, आता तरी हे बोलतील, आता नाही तर कधीच नाही. ह्यांच्या तोंडाकडे मी टक लावून बघत होते.

 सर्जेरावांनी डोळे पुसले. “झालं ते झालं, दादा,” ते म्हणाले. “मानूस हाय, चुकतंय. मी माफ केलं तुला.”

ह्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. ते सर्जेरावांच्या पायाशी, त्याच लंगड्या पायाशी खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. “लई उपकार झाले, सर्जा,” म्हणाले. “लई उपकार झाले तुजे.”

ते नाटक नव्हतं. ‘दादा’ ही हाक त्यांना परत मिळाली होती, तिच्यासाठी ते काहीही कबूल झाले असते. आत्याबाई समाधानानं डोळे मिटून म्हणाल्या, “मालन, चा टाक समद्यास्नी.” मी चुलीपाशी गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. मला त्या तिघांचाही राग आला होता, आणि तिघांचीही इतकी माया दाटून आली होती की चहा उतू गेला तरी कळलं नाही.

आत्याबाई गेल्या त्यालाही आता वर्षं झाली. त्यांच्यामागं मी एकदाच ह्यांना म्हणाले, की आता सांगून टाका, आता कुणाला लागायचं राहिलंय? हे म्हणाले, “जित्या मानसावर राग धरला तर त्यो माफ तरी करता येतोय. गेलेल्या आयेवर धरला तर त्यानं कुटं जाऊन उतरवायचा?” मी पुन्हा विषय काढला नाही.

सर्जेराव महिन्यातून एखाद्या रविवारी बायकोमुलांना घेऊन येतात. दोघे भाऊ शेजारी शेजारी जेवायला बसतात, एकमेकांच्या ताटातलं उचलतात. चांगलं चाललंय, देवाच्या कृपेनं. कधी गप्पांच्या ओघात सर्जेराव मांडीवर थाप मारून म्हणतात, “वैनी, दादानं तेवढा बोअर घट्ट ठेवला नसता, तर आज मी तुमच्यात भाकरी मोडत बसलो नसतो. इमानात बसून हिंडलो असतो!” सगळे हसतात. सगळ्यांत मोठ्यानं हे हसतात. मी भाकरी आणायच्या निमित्तानं आत जाते.